काळा आजार आणि दादाची उत्तरं

"बिहारमध्ये तुमचं कोण राहतं?"

मिरजेच्या हॉस्पिटलात सकाळी राउंडला आलेल्या डॉक्टरबाईंनी हा प्रश्न विचारला, तेव्हा मी कुशीवर पडलो होतो. आदल्या दिवशी कमरेच्या मागच्या हाडात जाडजूड सुई घालून आतला मगज काढला होता. बोन मॅरो म्हणतात त्याला. त्यामुळं पाठीवर झोपायची सोय नव्हती. पोटावर झोपायची तर तीन महिन्यांपासूनच नव्हती.

"कोण न्हाई, मॅडम," शेजारी उभा असलेला माझा थोरला भाऊ म्हणाला. "आमी सगळी हितलीच."

गेली बावीस वर्षं बिहारमध्ये राहणारा माणूस तिथंच, दादाच्या कोपरापासून हातभर अंतरावर पडला होता. तो मी.

बाईंनी दादाकडं पाहिलं, मग माझ्याकडं. "मी पेशंटला विचारतेय."

तोंड उघडायच्या आधी मी दादाकडं बघितलं. मी पन्नाशीला टेकलेला, दोन लेकरांचा बाप, आणि उत्तर द्यायला परवानगी मागतोय. दादानं मान हलवली नाही. तरी मी बोललो. "मीच राहतो बाई. गंडक नदीच्या अंगाला. गलाईचं दुकान आहे."

बाई स्टूल ओढून बसल्या. डॉक्टर बसले की घाबरायचं, हे मी एव्हाना शिकलो होतो. उभ्यानं सांगतात ते साधं असतं. पण बाईंच्या चेहऱ्यावर राग होता आणि त्यामागं सुटल्यासारखंही काहीतरी. "तुमच्या मगजात कॅन्सर नाही," त्या म्हणाल्या. "जंतू आहेत. काळा आजार झालाय तुम्हाला. मी हा पुस्तकात वाचलाय आणि शिकत असताना एकदा पाहिलाय. आपल्याकडं हा होत नाही. म्हणून बिहार विचारलं."

काळा आजार. नाव ऐकून दादाला वाटलं, कुणीतरी करणी केली.

आता आमच्या धंद्याबद्दल सांगायला हवं, नाहीतर दादा तुम्हाला खोटारडा वाटेल. तो खोटारडा नाही. फौजेतून सुभेदार होऊन आला, साताऱ्यात घर बांधलं, कंपनीत सिक्युरिटीचा सुपरवायझर झाला. शब्दाचा पक्का माणूस. पण घर आमचं विट्याच्या पूर्वेचं, आणि आमच्या भागातल्या घराघरातला एक तरी गडी परमुलखात सोनं गाळायला गेलेला. जुने दागिने वितळवायचे, तेजाबात घालून त्यातलं हीण काढायचं, शुद्ध सोनं हातात द्यायचं, ही गलाई. आणि या धंद्यात पाऊल टाकतानाच पहिला धडा मिळतो: सोन्याचं नाव परक्यापुढं काढायचं नाही. रेल्वेत कुणी विचारलं, काय करता? शेती. कुठं निघालात? पाहुण्याकडं. राहता कुठं? विट्याला. पंचवीस-तीस वर्षं मदुराईत, कटकला, नाहीतर गुवाहाटीत काढलेला माणूससुद्धा राहायला विट्यालाच असतो. लुटालूट झालेली, माणसं गेलेली, त्यातून आलेलं हे शहाणपण. रेल्वेत ते बरोबर आहे. हॉस्पिटलात त्यानं मला जवळजवळ मारलं.

पुतणीच्या लग्नाला म्हणून मी गावी आलो होतो. हळदीच्या दिवशी अंगात कणकण आली. लग्नात ताप अंगावर काढला, कारण नवरीचा चुलता झोपून राहिला तर पाहुणे काय म्हणतील! पाहुण्यांनी पुढं जे म्हणायचं ते म्हटलंच, ते येईल ओघानं.

ताप दिवसातून दोनदा चढायचा. सकाळी हुडहुडी, दुपारी घाम, संध्याकाळी परत हुडहुडी. विट्याच्या डॉक्टरांनी रक्त तपासलं. विडाल टेस्ट थोडी वर आली होती, म्हणून टायफॉइड. सलाइनं लागली, ताप उतरला नाही. मलेरिया? नाही. डेंग्यू? नाही. पण प्लेटलेट, म्हणजे रक्त गोठवणाऱ्या पेशी, कमी. पांढऱ्या पेशी कमी. हिमोग्लोबिनही कमी. माझ्या रक्तात वाढलेलं काही नव्हतंच. वाढत होतं ते पोट.

हातपाय काटक्यांसारखे आणि पोट घागरीसारखं. बायको, सुरेखा, पोरांना घेऊन गावीच राहते. ती पाठ चोळताना म्हणाली, "आवं, लेंग्याची नाडी बांधू कुटं? वर का खाली?" आम्ही दोघंही हसलो. ते शेवटचं हसणं म्हणायला हरकत नाही.

मग दादा आला आणि मला साताऱ्याला घेऊन गेला. "फौजी माणसाच्या वळखीचं मोठं हॉस्पिटल हाय," म्हणाला. गाडीत बसल्या बसल्या त्यानं हुकूम सोडला. "तिथं मी बोलतो. तू गप पडून ऱ्हायाचं. गलाई-बिलाई कायबी बोलायचं न्हाई. सोनं म्हटलं की चोर आणि डाक्टर, दोगांचंबी डोळं फिरत्यात."

मला ते पटलं होतं. खोटं कशाला सांगू? मीही तेच शिकलेला गडी.

साताऱ्याच्या डॉक्टरांनी पोट दाबून पाहिलं आणि बॉलपेननं माझ्या कातड्यावर रेघ मारली. उजवीकडं यकृताची हद्द. डावीकडं प्लीहेची, ती पार बेंबीपर्यंत आलेली. प्लीहा म्हणजे बरगड्यांखाली डावीकडं असणारा मुठीएवढा अवयव, एरवी हाताला लागतसुद्धा नाही. सोनोग्राफीत त्याला हिपॅटोस्प्लीनोमेगाली असं आगगाडीएवढं नाव आलं. अर्थ एवढाच की यकृत आणि प्लीहा दोन्ही फुगलेत. रोज नवी रेघ पडायची. शेताची मोजणी करणारे आले की खुंट्या मारतात तसं माझ्या पोटाचं झालं होतं. प्लीहेनं बांध कोरत कोरत अर्धं रान बळकावलं होतं.

"कुठं राहता?" डॉक्टरांनी विचारलं होतं. ते विचारलं नव्हतं असं कुणी म्हणू नये.

"विट्याजवळ, साहेब. शेती हाय."

"बाहेरगावी प्रवास वगैरे?"

"कुटला परवास? ऊस आणि ह्यो."

आमच्याकडं ऊस नाही. पूर्व भागात पाणीच कालपरवा आलंय. पण शेतकरी म्हटलं की ऊस पाहिजे, म्हणून दादानं मला एक उसाचा फड देऊन टाकला.

मग तिसरा प्रश्न आला. डॉक्टरांनी आवाज खाली आणून विचारला. "ड्रिंक्स घेतात का?"

इथं मात्र दादा गप्प बसला. बावीस वर्षं भाऊ परमुलखात. काय खातो, काय पितो, त्याला काय ठाऊक? ती तेवढी शांतता सगळ्या वॉर्डानं ऐकली. दाराशी डबा घेऊन उभ्या असलेल्या सुरेखानंही ऐकली.

यकृत वाढलं म्हणजे दारू, हे आपल्याकडं शेंबड्या पोरालाही कळतं. भेटायला येणारे नारळपाणी ठेवायचे आणि माझ्या तोंडाचा वास येतो का बघायला वाकायचे. चुलत सासरे म्हणाले, "जावईबापू, आता तरी सोडा." मी म्हटलं, मामा, मी घेत नाही, आणि राहतो तिथं तर दारूबंदी आहे. ते म्हणाले, "म्हंजे चोरून मिळंल ती घेत असाल. ती तर लयच वंगाळ."

दारूबंदीच्या राज्यात राहून दारुडा ठरलेला मी एकटाच असेन.

सुरेखानं बरेच दिवस काही विचारलं नाही. एकदा संत्रं सोलता सोलता म्हणाली, "आवं, खरं सांगा. पीत हुता का? मी कुणाला सांगत न्हाई." मी नाही म्हटलं. तिनं फोड माझ्या तोंडात घातली आणि म्हणाली, "बरं." त्या "बरं"चा कडवटपणा एकाही औषधाला नव्हता.

साताऱ्याचे डॉक्टर वाईट नव्हते. उगाच कुणाला दोष देऊ नये, आणि द्यायचाच तर आधी घरात बघावं. त्यांना जेवढं सांगितलं तेवढ्यावर त्यांनी विचार केला. इतका लांबलेला ताप, वजन घटलेलं, यकृत-प्लीहा वाढलेली, रोज उसात काम करणारा शेतकरी: पोटातला क्षय असू शकतो. पक्कं सापडत नव्हतं, तरी टीबीची औषधं सुरू केली. गुण आला तर तोच आजार होता, असं धरायचं. गोळ्यांत एक होती इथॅम्बुटॉल. ती देताना ते दादाला कोपऱ्यात घेऊन काहीतरी बोलले. दादा परत आला तेव्हा मी विचारलं, काय म्हणाले?

"काय न्हाई. टायमात गोळ्या घे म्हनलं."

आमच्याकडं पेशंटला सगळं सांगत नाहीत. घाबरतो म्हणून. त्याच्या वाट्याला येतं ते 'काय न्हाई' आणि मोसंबीचा रस.

टीबीच्या गोळ्यांवर, साताऱ्यात दादाच्या घरी, दोन महिने गेले, तिसराही सरत आला. ताप तसाच. रंग इतका काळवंडला की आरशात मला आमचे स्वर्गवासी काका दिसायला लागले. बिहारला दुकान सांभाळणारा चुलतभाऊ अंकुश सारखा फोन करायचा. दादा उचलायचा आणि सांगायचा, "टायफॉईड हाय, येतोय पंधरा दिसांत." मालक मरायला टेकलाय हे बाजारात कळलं तर गिऱ्हाईक फुटतं, हा धंद्याचा दुसरा धडा. म्हणजे काळा आजार माहीत असलेला आमच्या गोतावळ्यातला एकुलता एक माणूस रोज फोन करत होता आणि आम्ही त्याला रोज टायफॉइड सांगत होतो.

त्याच सुमारास एका सकाळी सुरेखाचं लुगडं मला मातकट दिसलं. म्हटलं, लाल नेसणार होतीस ना? ती म्हणाली, "ह्ये लालच हाय की." टीव्हीवरचे लोक धुतल्यासारखे फिके दिसत होते. टोमॅटो कच्चा आहे की पिकला हे कळेना. मी दादाला सांगितलं. दादा क्षणभर थांबला. मग म्हणाला, "अशक्तपना हाय रं. आनि चाळिशी कवाच उलाटली, चष्मा लागला असंल."

तो थांबलेला क्षण मी तेव्हा मोजला नाही. आता रोज मोजतो.

शेवटी नाकातून रक्त आलं ते थांबेना, तेव्हा साताऱ्याच्या डॉक्टरांनीच मिरजेला पाठवलं. चिठ्ठीवर लिहिलं होतं: रक्ताचा कॅन्सर असण्याची शक्यता. अँब्युलन्समध्ये दादा माझ्या पायाशी बसला होता. कराड सोडल्यावर त्यानं माझ्या पोटऱ्या दाबायला सुरुवात केली. थोरल्या भावानं धाकट्याचे पाय दाबावेत असं आमच्यात नाही. तेव्हा मला कळलं की मी मरतोय.

आणि मग कमरेतली सुई, आणि स्टूलवर बसलेल्या बाई.

बाईंनी बोटातलं रक्त घेऊन एका छोट्या पट्टीवर टाकलं. थोड्याच वेळात दोन रेघा उमटल्या. "झालं," त्या म्हणाल्या. "एवढ्यावर कळण्यासारखं होतं. फक्त तुम्ही कुठं राहता हे ठाऊक असतं तर."

मग त्यांनी आजार समजावून सांगितला, ते तुमच्यासाठी इथं लिहितो. वाळूमाशी नावाची डासापेक्षाही बारीक माशी असते. ओल्या, पोपडे आलेल्या भिंतींच्या भेगांत राहते, गोठ्याच्या आसपास जास्त. ती चावली की एक परजीवी रक्तात जातो आणि यकृत, प्लीहा, हाडांचा मगज यांत ठाण मांडतो. चावल्यावर कित्येक महिने काही जाणवत नाही. म्हणूनच मी धडधाकट गावी आलो आणि हळदीला आडवा झालो. औषध नाही मिळालं तर माणूस हमखास जातो. मिळालं तर हमखास म्हणावं इतका वाचतो. तिकडं सरकार घरोघरी फवारणी करतं, त्यामुळं आजार आता फार थोडा उरलाय.

फवारणीवाले आमच्याही दुकानावर यायचे. मागच्या खोलीत भट्टी, तिजोरी, आणि सोन्याचे कण असलेली झाडलोट साठवलेली. तिथं परका माणूस कसा घेणार? आम्ही त्यांना चहा पाजून दारातूनच परत लावायचो. खोलीच्या मागच्या भिंतीला शेजाऱ्याचा गोठा होता. बाकी सगळ्या गल्लीच्या माशा मग सुरक्षित जागा बघून आमच्याकडं राहायला आल्या असतील, तर मी त्यांना दोष देत नाही.

बाई आणखी एक बोलल्या. ताप आणि त्याबरोबर यकृत-प्लीहा दोन्ही वाढलेली असली की आपल्यासारख्या उष्ण मुलखात पुष्कळ गोष्टी डोक्यात याव्या लागतात. मलेरिया, टायफॉइड, क्षय, कच्च्या दुधातून आणि जनावरांच्या वारेतून येणारा ब्रुसेला, रक्ताचा कॅन्सर, दारूनं कडक झालेलं यकृत. "आम्ही पोट चाचपतो," त्या म्हणाल्या, "पण अर्धं निदान पेशंटच्या तोंडात असतं. तो कुठं झोपतो, काय पितो, कशाला हात लावतो. ते तोंडच तुम्ही बांधून आणलंत."

दादा भिंतीला टेकून उभा होता. सुभेदारानं एवढं ऐकून घेतलेलं मी पहिल्यांदा पाहिलं.

औषध मिरजेत मिळेना. इकडं हा आजारच नाही तर औषध कोण ठेवणार? बाईंनी सरकारी लोकांना फोन करकरून ते मागवलं. एकच औषध, एकाच बैठकीत शिरेतून दिलं. पिवळट पाणी हळूहळू उतरत होतं. पिवळट असं सुरेखा म्हणाली, मला ते नुसतं गढूळ दिसलं. थंडी वाजली, उलटी झाली, आणि दोन-तीन दिवसांनी सकाळी जाग आली तर अंग थंड होतं. सुरेखानं गळ्याला हात लावून पाहिला, मग स्वतःच्या गळ्याला लावला, मग परत माझ्या. आणि ती बाहेर व्हरांड्यात जाऊन रडून आली.

आल्यावर म्हणाली, "मी तुमाला ते इचारायला नगं हुतं."

मी म्हटलं, "असू दे." तिच्या "बरं"सारखंच ते निघालं. आमचा संसार त्यानंतरही चालू आहे, चांगला चालू आहे, पण ते दोन शब्द घरात राहतात.

डोळ्यांच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं की इथॅम्बुटॉलनं डोळ्यामागच्या नसेला इजा केली आहे. लाल-हिरव्यातला फरक आधी जातो. तेव्हाच गोळी बंद केली असती तर बहुतेक सगळं परत आलं असतं. आता काही येईल, काही येणार नाही. "गोळी सुरू करताना सांगितलं नव्हतं का? रंग फिके दिसले की लगेच या म्हणून?"

मी दादाकडं बघितलं नाही. दादानंच उत्तर दिलं. त्याच्या आयुष्यातलं माझ्या वतीनं दिलेलं पहिलं खरं उत्तर.

"सांगितलं हुतं," तो म्हणाला. "मलाच सांगितलं हुतं. ह्यो घाबरंल म्हनून मी बोललो न्हाई."

बाहेर आल्यावर त्यानं चहा मागवला. पेला माझ्याकडं सारत म्हणाला, "शिव्या दे रं चार. बरं वाटंल." मी चहा पिऊन टाकला. ज्यानं पोटऱ्या दाबल्या त्याला कोणत्या शिव्या द्यायच्या?

अंकुशला मीच फोन लावून खरं सांगितलं. तो मला आबा म्हणतो. म्हणाला, "आबा, अरं एकदा मला तरी बोलायचं हुतंस. तू गावाकडं गेल्यावर आपल्या गल्लीत तिगांना झाल्ता की."

पोट ओसरलं. पेनच्या रेघांच्या आत प्लीहा परत गेली. वजन भरलं. पावसाळा सरल्यावर मी बिहारला दुकानात परत बसलो. मागच्या भिंतीला सिमेंटचं प्लास्टर करून घेतलं आणि फवारणीवाल्यांना आत नेऊन पार तिजोरीमागंसुद्धा फवारायला लावलं. माझ्यासारख्या कुणाला असा ताप आला, पोट वाढलं, तर एवढं करा: तुम्ही खरंच कुठं राहता ते स्वतःच्या तोंडानं सांगा. सोन्याचं सांगा, दारूचं सांगा, गुरांचं सांगा. बिल वाढलं तर वाढू दे. सोबतच्या माणसाला चहाला पाठवा. आणि कुठलीही गोळी घेण्याआधी विचारा, ही माझं काय बिघडवू शकते? मी जिवंत आहे, मिरजेच्या बाईंच्या एका प्रश्नामुळं. त्यांचे उपकार विसरणार नाही. बाकी कुणी केलेलंही विसरणार नाही, चांगलं किंवा वाईट.

आमचा धंदा रंगावर चालतो. काळ्या कसोटीच्या दगडावर सोनं घासायचं, रेघ पिवळी किती आणि तांबूस किती, त्यावरून कस सांगायचा. यंत्रं आली आहेत, पण खेड्यातली म्हातारी नथ घेऊन येते ती माझ्या डोळ्यांवर विश्वास ठेवून, कारण बावीस वर्षं ते चुकले नव्हते.

परवा तशीच एक आली. मी नथीचा फासा दगडावर ओढला. रेघ उमटली. राखेवर राख. मी दगड उजेडाला धरला, तिरका केला, भुवया आक्रसल्या, सगळं पहिल्यासारखं केलं. मग तो गुपचूप अंकुशच्या बाजूला वळवला. अंकुशनं तराजू पुसता पुसता, मान न वळवता, नुसती नजर टाकून मराठीत सांगितलं, "अठराचं हाय, आबा. तांबं लय."

"अठारह कैरेट है, माताजी," मी म्हातारीला छाती काढून सांगितलं.

तिनं हात जोडले. म्हणाली, तुमची नजर अजून तशीच आहे.